हिरवी मिरची लाल होते तेव्हा : लवकांचे रूप आणि कार्य



धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे १२५ मेगावॅट क्षमतेचा सौर विद्युत प्रकल्प आहे. तो २०१३ साली सुरू झाला. माळरानावर ओळीने मांडलेली पॅनेले सूर्यप्रकाश झेलतात आणि त्यापासून वीज मिळते. त्याच तालुक्यात बाजरीचे आणि मक्याचे ताटही दिवसभर उन्हात उभे असते व सूर्यप्रकाश झेलत असते. ते वीज नव्हे, तर साखर आणि पिष्ट तयार करते, हा पहिला फरक. दुसरा फरक अधिक मजेदार आहे. सौर पॅनेल अखेरपर्यंत पॅनेलच राहते. वनस्पतीचे प्रकाश झेलणारे साधन मात्र काम बदलले की आपले रूपही बदलते. या साधनाचे नाव आहे लवक.

लवक म्हणजे काय?

लवके वनस्पतींच्या आणि शैवालांच्या पेशींत असतात. आपल्या शरीरातील पेशींत ती नसतात. कोंबाच्या टोकाशी असलेल्या कोवळ्या पेशींत ती अगदी लहान, रंगहीन आणि साध्या बांधणीची असतात. त्यांना आपण आद्यलवके म्हणू. पेशी पानाचा भाग बनली आणि तिला उजेड मिळाला, की आद्यलवकाचे हिरवे हरितलवक होते. पेशी कंदात असेल तर त्याचे पिष्ट साठवणारे अवर्णलवक होते. फुलांत आणि पिकलेल्या फळांत पिवळी, नारिंगी किंवा लाल वर्णलवके दिसतात. ही तीन वेगळी इंद्रिये नव्हेत. एकाच घटकाची ही तीन रूपे होत.

हरितलवकाची रचना

पानातील हरितलवकाचा आकार मसुराच्या दाण्यासारखा असतो. लांबी साधारण ५ ते १० मायक्रोमीटर. म्हणजे १ मिलीमीटर अंतरात अशी १०० ते २०० हरितलवके एका रांगेत मावतील. त्याच्याभोवती दोन पातळ पटले असतात. आत पीठिका नावाचा दाट द्रव असतो आणि त्यात चपट्या चकत्या, भाकऱ्यांची चवड रचावी तशा, एकावर एक रचलेल्या असतात.

ही चवड कशासाठी? प्रकाश शोषणारे हरितद्रव्य चकत्यांच्या पटलात बसवलेले असते. पटल जितके अधिक, तितके हरितद्रव्य अधिक मावते. चवड रचल्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ पटल बसते. प्रकाशाच्या ऊर्जेने येथे पाण्याचे विघटन होते, ऑक्सिजन मोकळा होतो आणि ऊर्जा एटीपीसारख्या संयुगांत साठवली जाते. पुढचे काम पीठिकेत चालते. तेथे ही ऊर्जा वापरून कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा बनते.

खानदेशातील मक्याच्या पानात तर एकाच पानात दोन प्रकारची हरितलवके सापडतात. पानाच्या मुख्य ऊतीतील हरितलवकांत चकत्यांच्या चवडी भरपूर असतात. शिरांभोवतीच्या पेशींतील हरितलवकांत त्या जवळजवळ नसतात. पण पिष्ट मात्र तेथेच साठते. पहिल्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून शिरेजवळच्या पेशींकडे पोचवतात आणि तेथे शर्करा तयार होते. या वाटणीमुळे कडक उन्हात, पर्णरंध्रे अर्धवट मिटलेली असतानाही काम चांगले चालते. बाजरीही याच गटातील आहे.

मिरचीचा रंग

नंदुरबार १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. तेथील मिरचीचा बाजार प्रसिद्ध आहे. हंगामात तेथे पथारींवर लाल मिरच्या वाळत पसरलेल्या असतात. हिरव्या मिरचीला लाल रंग कोठून येतो?

मिरची पिकू लागली की तिच्या सालीतील हरितलवकांमधल्या चकत्यांची चवड मोडू लागते. हरितद्रव्याचे विघटन होते. त्याच लवकात कॅप्सँथिन आणि त्याच्या जातीची लाल, पिवळी रंगद्रव्ये तयार होऊन स्निग्ध थेंबांत आणि तंतूंत साठतात. आता ते लवक अन्न बनवत नाही. फळ पक्ष्यांच्या नजरेस आणण्याचे काम करते. पक्ष्यांना मिरची तिखट लागत नाही. ते फळ खातात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात.

मात्र वनस्पतींतील प्रत्येक लाल रंग लवकातला नसतो. बीट आणि लाल कांदा यांचा रंग पेशीतील रिक्तिकेच्या पाण्यात विरघळलेला असतो. मिरचीचा रंग स्निग्ध पदार्थात विरघळतो. म्हणूनच शेवभाजीच्या रश्श्यावर लाल तर्री तरंगते. या ज्ञानाचा घरात उपयोग होतो. पेलाभर पाण्यावर चिमूटभर तिखट भुरभुरावे. लगेच रंगीत रेघा खाली उतरू लागल्या, तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग मिसळल्याचा संशय घ्यावा. तेलात विरघळणारी भेसळ मात्र या परीक्षेत सापडत नाही.

हिरवा पडलेला बटाटा

बटाट्यातील अवर्णलवके पिष्टाने भरलेली असतात. हाच बटाटा उजेडात पडून राहिला, तर सालीजवळची लवके हरितद्रव्य बनवू लागतात आणि साल हिरवी होते. हिरवा रंग स्वतः अपायकारक नसतो. परंतु त्याच उजेडामुळे बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढते. म्हणून बटाटे अंधारात ठेवावेत. हिरवा भाग खोलवर कापून टाकावा आणि बटाटा फार हिरवा किंवा कडू असेल तर तो खाऊच नये.

शैवालांतील नाना आकार

पांझरा नदीच्या काठी संथ पाण्यात हिरवे, बुळबुळीत तंतू आढळले, तर त्यांतील एखादा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तो स्पायरोगायराचा असेल तर पेशीत मळसूत्रासारखी वळलेली हिरवी फीत दिसेल. ती फीत म्हणजेच हरितलवक. क्लॅमिडोमोनसचे हरितलवक पेल्यासारखे, तर झिग्नेमाचे चांदणीसारखे असते. आकार कोणताही असो, काम तेच. १८८२ साली जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी शैवालाच्या तंतूवर इंद्रधनुष्याचे रंग पाडले आणि पाण्यात ऑक्सिजनकडे धावणारे जिवाणू सोडले. जिवाणू तांबड्या आणि निळ्या प्रकाशाच्या जागी दाटीने जमले. ऑक्सिजन कोणत्या प्रकाशात अधिक बाहेर पडतो, हे त्यांनी अशा रीतीने दाखवले.

लवक येते कोठून?

पेशी नवे लवक कधीच मुळापासून घडवीत नाही. असलेल्या लवकाचे विभाजन होऊनच नवे लवक मिळते. लवकाला स्वतःचा डीएनए असतो. एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीने प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू आत घेतला आणि त्याचेच वंशज म्हणजे लवके, असे आज मानले जाते.

कार्ल कोरेन्स यांनी १९०९ साली आपल्या अंगणातही आढळणाऱ्या गुलबक्षीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांच्या झाडांना हिरव्या, पांढऱ्या आणि चट्ट्यापट्ट्यांच्या फांद्या होत्या. पराग कोणत्याही फांदीचे असोत, पांढऱ्या फांदीवरील फुलांच्या बियांतून पांढरीच रोपे आली. याचा अर्थ असा, की तेथे लवके आईकडूनच आली होती. ती पांढरी रोपे जगली नाहीत. बियांतील शिदोरी संपताच त्यांची उपासमार झाली. रोपाचे जगणे आणि आपल्या ताटातील भाकरी, दोन्ही या सूक्ष्म हिरव्या दाण्यांवर अवलंबून आहेत.

करून पाहा

१. एका वाटीत पाणी आणि दुसरीत गोडेतेल घ्या. दोन्हींत चिमूटभर घरचे तिखट टाका. तासाभराने रंगांची तुलना करा.

२. एक बटाटा खिडकीत आणि एक बंद डब्यात ठेवा. दोन आठवडे सालीच्या रंगाची नोंद करा. खिडकीतला बटाटा खाऊ नका.

३. कच्च्या आणि पूर्ण पिकलेल्या केळ्याच्या चकतीवर आयोडिनच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. निळा-काळा रंग कोणावर गडद येतो? कच्च्या केळ्याच्या लवकांतील पिष्टाचे पिकताना काय झाले असेल? उत्तर वहीत लिहून वर्गात चर्चा करा.