पहाटेचा तानपुरा

मास्टर दीनानाथ मंगेशकर हे मराठी रंगभूमीवरील थोर गायक नट. गोव्यातील मंगेशी हे त्यांचे गाव. लता, मीना, आशा व उषा या चार कन्या आणि हृदयनाथ हा पुत्र, असा त्यांचा परिवार होता.

लतादीदी लहानपणाची एक आठवण सांगत असत. एके दिवशी शिष्याला पूरिया धनाश्री रागाचा रियाज करावयास सांगून दीनानाथ बाहेर गेले. शिष्याचे सूर चुकू लागले. तेव्हा बाहेर खेळणारी चिमुकली लता आत आली आणि तिने ती जागा बरोबर गाऊन दाखविली. परतलेल्या पित्याने ते ऐकले. घरातच गवई असता आपण बाहेरच्यांना शिकवितो, याचे त्यांना नवल वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी लेकीला उठवून तानपुऱ्यासमोर बसविले.

२४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ निवर्तले. लता तेव्हा अवघी बारा वर्षांची होती; पण थोरली म्हणून घराचा भार तिने उचलला. हाताशी धन नव्हते, पित्याने दिलेले सूर होते. त्या सुरांनीच घर तारले. मुलांनो, पित्याचे खरे प्रेम लेकीचा गुण ओळखते आणि तो जोपासण्यासाठी पहाटे उठते.