क्यू हातात अडकला तर

प्रश्न : स्क्रॅबल खेळताना क्यू आणि झेड माझ्या हातात शेवटपर्यंत पडून राहतात. अशा अक्षरांचे अनवट इंग्रजी शब्द कुठे मिळतील? शब्दकोशच पाठ करू का?

उत्तर : शब्दकोश मुळीच पाठ करू नका. कॉलिन्सच्या स्क्रॅबल-यादीत दोन अक्षरी शब्द सव्वाशेच्या आसपास आहेत. आधी तेवढे पक्के करा. खरी कमाई तिथेच आहे. चिनी वळणाचा ‘क्यू-आय’ साध्या घरांत 11 गुणांचा. पण क्यू तिप्पट गुणांच्या घरात बसवून तोच शब्द आडवा आणि उभा जुळवला, तर एका खेळीत 62!

नंतर यू-शिवायचे क्यू. इथे आपल्याला घरचाच फायदा आहे : फकीर, तलाक, काझी हे शब्द इंग्रजीत क्यू घालूनही लिहिले जातात आणि खेळात चालतात. झेडसाठी ‘झो’ लक्षात ठेवा, हिमालयातला याक आणि गाय यांचा संकर. स्वर नसतील तेव्हा वेल्श भाषेतून आलेला ‘सी-डब्ल्यू-एम’, म्हणजे डोंगरातली खोलगट दरी, कामी येतो.

अर्थ माहीत असलाच पाहिजे असे नाही. स्क्रॅबलपटू नायजेल रिचर्ड्‌स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली. (मला मात्र अर्थ कळल्याशिवाय शब्द लक्षात राहत नाही.)

एक सांभाळा : ‘झो’ कॉलिन्समध्ये आहे, अमेरिकी यादीत नाही. म्हणून कोणती यादी मानायची, हे डाव मांडण्याआधीच ठरवून घ्या.