ढोरं कोन पाहीन?

साथीच्या दिवसांत माणूस आपला आजार का लपवतो, हे मला सर्वेक्षणाच्या ड्युटीवर कळलं. मी वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. कोरोनाच्या दोन्ही वर्षांत आशाताईंसोबत घरोघर फिरलो. शाळेचे वर्ग बाहेरगावहून आलेल्यांच्या विलगीकरणासाठी घेतले होते, त्यांच्या चाव्या माझ्याकडे असत. तेव्हा जे पाहिलं ते सांगितलं पाहिजे असं वाटतं, कारण साथी येत राहणार आणि गावं तीच राहणार आहेत.

जिल्ह्यातला पहिला रुग्ण एप्रिल २०२० च्या सुरुवातीला आमच्याच तालुक्यात, मेडशीला निघाला. अख्ख्या जिल्ह्यात एक माणूस आजारी, आणि आमच्या गावानं चारही वाटांवर बाभळीचे काटे आणून टाकले. मेडशीकडचा पाहुणा वेशीवरूनच परत जाऊ लागला. पुढे पुण्या-मुंबईची बांधकामं, वीटभट्ट्या, ऊसतोड सोडून आपलीच माणसं परतू लागली, तेव्हा त्यांनाही त्या काट्यांपाशी थांबावं लागलं. मग चौदा दिवस शाळेत. रोज सकाळी आशाताई कपाळावर थर्मामीटरची बंदूक धरायच्या आणि मी आकडा वहीत लिहायचो.

त्यात भट्टीवरून आलेली एक बाई होती, कडेवर लहान पोर. पोराचा आकडा रोज फार कमी यायचा. एकदा आम्ही जरा लवकर गेलो, तेव्हा दिसलं की ती पदर माठातल्या पाण्यात भिजवून पोराच्या कपाळावरून फिरवते आहे. विचारलं तर म्हणाली, “काई नाई सर, ऊन लागलं त्याले.” पोर तापानं फणफणलं होतं. तिला आजार कळत नव्हता असं नाही. ताप निघाला तर पोराला अकोल्याला नेतील, आपल्याला सोबत जाऊ देतील की नाही ठाऊक नाही आणि परत आल्यावर गाव घरात पाय ठेवू देणार नाही, एवढा हिशेब तिनं बरोबर मांडला होता. त्या हिशेबात गावाकडून भीतीशिवाय काही जमा नव्हतं.

स्वॅब तेव्हा अकोल्याला जायचे. पोराचा अहवाल निगेटिव्ह आला. नसता आला, तर त्या शाळेतल्या प्रत्येकाला त्या ओल्या पदराची किंमत मोजावी लागली असती. मात्र माझ्या मते दोष त्या आईकडे सगळ्यात शेवटी जातो. त्याआधी तो वेशीवर काटे टाकणाऱ्यांकडे जातो.

वर्ष उलटलं आणि सगळं फिरलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ भागात रुग्ण वेगानं वाढू लागले होते. २१ फेब्रुवारीला तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजकीय, धार्मिक, सामाजिक गर्दीवर बंदी जाहीर केली आणि ‘मी जबाबदार’ ही मोहीम सांगितली. दोनच दिवसांनी, २३ तारखेला, आमच्या जिल्ह्यातल्या पोहरादेवीला तत्कालीन वनमंत्री संजय राठोड यांच्या दौऱ्यासाठी हजारो लोक जमले. त्याच आठवड्यात रिसोड तालुक्यातल्या देगावच्या एका निवासी शाळेत २२९ विद्यार्थी बाधित निघाले. बरीच मुलं अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतली होती. काही जण बाधित आढळल्यावर तिथं सगळ्यांची तपासणी केली, म्हणून हा आकडा समोर आला. देगावचं नाव देशभर गेलं. मला मात्र या गोष्टीत तपासणी करणाऱ्यांचं मोल मोठं वाटतं. न तपासता मुलांना आपापल्या गावी धाडलं असतं, तर बातमी झाली नसती आणि आजार शेकडो घरांत पोचला असता.

म्हणजे पाहा, जिल्ह्यात एक रुग्ण होता तेव्हा आम्ही वाटा अडवल्या आणि आजार दाराशी आला तेव्हा गळ्यातला मास्क नाकावर घ्यायचाही कंटाळा केला. भीतीचं माप आणि धोक्याचं माप कधी जुळलंच नाही. नुसती भीती घालून गाव सावध होतं, यावरचा माझा विश्वास तेव्हापासून उडाला. माणूस फार दिवस घाबरून राहू शकत नाही. एकदा ती भीती विटली की तो धोक्याकडेही बघत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये गावात टायफॉईड निघू लागला. घरोघर एकच उत्तर, “टायफॉईड आहे, सर. रक्त तपासलं.” टायफॉईडच्या विडाल चाचणीत जुन्या संसर्गाच्या खुणाही दिसू शकतात, त्यामुळे तेवढ्यावरून तापाचं निदान पक्कं होत नाही. पण त्या कागदाचा आधार सगळ्यांना हवा होता. आजारी माणसाला हवा होता, घरच्यांना हवा होता, शेजाऱ्यांनाही हवा होता. टायफॉईडला कोरोनासारखा दारासमोर फलक लागत नाही.

आमच्या गावात पन्नाशीतला एक शेतकरी असाच टायफॉईडवर उपचार घेत राहिला. घरातल्या आड्याला सलाईनची बाटली टांगलेली, खाली बाजेवर तो. मुलीचं लग्न अक्षय्य तृतीयेचं धरलेलं. २२ एप्रिलपासून लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. तेवढंही पार पडावं म्हणून घर गप्प होतं. आशाताईंनी हट्टानं त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा ७८. मी म्हणालो, दादा, आत्ताच्या आत्ता वाशिमला निघायचं. तो धापा टाकत म्हणाला, “ढोरं कोन पाहीन?”

गोठ्यात दोन दुभत्या म्हशी, एक बैलजोडी, वासरं. अंगणात उकडलेली हळद वाळत घातलेली. त्याला नेलं की बायको-मुलांचीही तपासणी होणार, घर बंद होणार. मग पाणी कोण दाखवणार, धार कोण काढणार, अवकाळी आला तर हळद कोण झाकणार? आम्ही त्याला ऑक्सिजनचं समजावत होतो. त्याचा प्रश्न गोठ्याचा होता आणि त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच तयार नव्हतं. अखेर एका शेजाऱ्यानं दारातूनच मोठ्यानं सांगितलं, “भाऊ, तू जाय. ढोरं माह्याकडं.” तेव्हा तो उठला. उशीर झाला होता. तो परत आला नाही.

त्या शेजाऱ्याचं वाक्य आठवडाभर आधी कुणी बोललं असतं तर काय झालं असतं, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण त्यानंतर आम्ही गावात सर्वेक्षणाची रीतच बदलली. घरात गेल्यावर आधी ताप विचारायचा नाही. आधी विचारायचं: जावं लागलं तर गुरं कोण बघेल, म्हातारी कुणाकडे राहील, रेशन कोण आणून देईल? ज्या घराकडे उत्तर नसेल, त्यांच्यासाठी तिथल्या तिथे दोन माणसांची नावं ठरवायची आणि घरच्यांना ती सांगून ठेवायची. एवढं झाल्यावर लोक आपणहून बोट पुढे करू लागले. तुमच्या गावात साथ आली तर सुरुवात इथून करा, हे माझं पहिलं सांगणं.

दुसरं सांगणं नावांविषयी. रुग्णाचं नाव, घराचा फोटो, अहवालाचा कागद गावाच्या व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये. ज्यांना काम करायचं आहे, म्हणजे आशाताई, आरोग्य केंद्र, गुरं सांभाळणारा शेजारी, त्यांना नाव कळलं की पुरे. एका घराचं नाव गटावर फिरलं की पुढची दहा घरं टायफॉईड सांगतात. आणि “त्याच्यामुळे गावात आलं” हे वाक्य कुणी उच्चारलं तर तिथेच थांबवा. घरातल्या थोरानं थांबवलं तर लवकर थांबतं.

काही गोष्टी उपकरणांच्याही आहेत. लग्नसराईत हातावर गडद मेंदी असते, नखांना रंग असतो, त्यानं ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो. बोट गार असेल तरीही तसंच. हात चोळून गरम करा, दुसरं बोट लावा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. बसल्या जागी आकडा बरा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या काळात आरोग्य विभाग सहा मिनिटं चालून पुन्हा मोजायला सांगत असे, त्यामुळे कोणाची फुप्फुसं थकली आहेत ते लवकर उमगायचं. चालताना धाप लागली तर तिथेच थांबवून दवाखान्याची वाट धरायची. गावातल्या डॉक्टरांना शिव्या देऊन उपयोग नाही, लोक आधी त्यांच्याकडेच जातात. त्यांना सोबत घ्या आणि ताप तीन दिवसांच्या पुढे गेला किंवा श्वास लागला की माणूस पुढे पाठवायचा, एवढं त्यांच्याशी ठरवून ठेवा.

धाकानं आजार बाहेर निघत नाही, हे आपल्याला १८९७ पासून माहीत असायला हवं होतं. पुण्यात प्लेगच्या वेळी सोल्जर घरात घुसून रोगी शोधत. लोकांनी रोगी लपवले, संताप साचत गेला आणि २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच पुण्यात, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले रोग्यांना मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवत होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्चला त्या गेल्या. २०२० मध्ये सरकारनं साथीसाठी हाती घेतलेला कायदाही १८९७ चाच. कायदा लागतो, बंदोबस्तही लागतो, हे मी नाकारत नाही. पण माझ्या गावात आजारी माणूस घराबाहेर आणण्याचं काम एकदाही पोलिसाच्या काठीनं झालं नाही.

हे माणसांपुरतंच आहे असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारंजा तालुक्यातल्या खेर्डा इथं एका कुक्कुटपालन शेडमध्ये काही दिवसांत ६,८३१ कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू असल्याचं निष्पन्न झालं. आमच्याकडे घरोघर कोंबड्या आहेत, म्हणून सांगतो. मर दिसली की पहिल्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेल्या कोंबड्या नाल्यात टाकू नका, उघड्या हातानं उचलू नका, मुलांना तिकडे जाऊ देऊ नका. साथ रोखण्यासाठी सरकार जे पक्षी मारतं त्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे लवकर सांगण्यात पैशानंही मालकाचाच फायदा आहे. ही गोष्ट शेडवाल्यांना आजार येण्याआधी माहीत असली पाहिजे. मर सुरू झाल्यावर त्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

येत्या ग्रामसभेत हा विषय साथ नसतानाच घ्या. रात्री दोन वाजता कुणाची गाडी निघू शकते आणि डिझेलचे पैसे कोण देईल, हे ठरवा. १०८ ला फोन कोण लावेल, तेही. प्रत्येक वस्तीतल्या गुरांसाठी दोन-दोन नावं वहीत लिहून घ्या आणि ती वही ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता आशाताईंच्या पिशवीत ठेवा. बाहेरून येणाऱ्या कामगारांना शाळेत ठेवायची वेळ आली, तर त्यांचा डबा कोणत्या घरांतून जाईल, हेही तेव्हाच ठरवा. आणि डबा नेणाऱ्यानं तो गेटावर ठेवून पळू नये. अंतर राखून उभं राहावं आणि पोराबाळांची विचारपूस करावी.