ड्रायव्हरचे परीक्षण : एक अभ्यास

संगणकाला नवे कार्ड जोडले की ते आपोआप चालू लागते, असा आपला समज असतो. वस्तुतः त्या कार्डाचे म्हणणे संगणकाला आणि संगणकाचे कार्डाला समजावून सांगणारा एक प्रोग्रॅम मध्ये उभा असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नेल. बहुतेक ड्रायव्हर या गाभ्याच्या आत राहूनच काम करतात. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. ड्रायव्हर चुकला तर संपूर्ण संगणक कोसळू शकतो.

१९ जुलै २०२४ रोजी जगाने याचा अनुभव घेतला. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीचा एक भाग विंडोजच्या कर्नेलमध्ये चालत असे. नव्या नियमांत २१ मूल्ये अपेक्षित होती. प्रत्यक्षात २० च पुरवली गेली. एकविसावे वाचण्याच्या प्रयत्नात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

ही चूक निदान तत्काळ दिसली. न दिसणारी चूक अधिक घातक असते. सोलापूरकरांना हे मागाच्या उदाहरणाने सहज उमगेल. ताण्याचा धागा तुटला आणि माग थांबला, तर धागा जोडता येतो. माग तसाच चालत राहिला, तर दोष चादरीत विणला जातो.

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात तेथील शास्त्रज्ञांनी एक नवी व्यवस्था मांडली : बाजारात मिळणारी पीसीआय कार्डे अँटेनांच्या संकेतांचे अंकांत रूपांतर करतात आणि ४८ लिनक्स संगणकांचा समूह ते अंक त्याच क्षणी एकत्र करतो. ३३ मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यासाठी दर सेकंदाला किमान ६ कोटी ६० लाख नमुने घ्यावे लागतात. अशा प्रवाहातील काही नमुने ड्रायव्हरने मुकाट्याने गाळले, तर संगणक चालूच राहील. परंतु अँटेनांमधील काळाचा मेळ बिघडेल आणि निष्कर्ष खोटा ठरेल.

म्हणून परीक्षकाने ‘हे चालते का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘बिघडल्यावर हे कसे वागते?’ हा त्याचा मुख्य प्रश्न असावा. त्यातून पुढील प्रश्न निघतात.

१. आरंभी ड्रायव्हर स्मृती, इंटरप्ट इत्यादी साधने क्रमाने मिळवतो. तिसरी पायरी अडली, तर आधीच्या दोन पायऱ्यांवर घेतलेली साधने तो उलट क्रमाने परत करतो का?

२. कार्डाने इंटरप्ट दिला की कर्नेल हातातील काम सोडून त्याकडे वळते. त्या क्षणी ड्रायव्हरने कशाचीही वाट पाहत थांबणे निषिद्ध आहे. तो आवश्यक तेवढे करून उरलेले काम पुढे ढकलतो का?

३. दोन प्रोसेसर एकाच वेळी त्याच नोंदीत लिहू लागले, तर कुलूप आहे का? ते प्रत्येक वाटेवर उघडले जाते का?

४. बाहेरील प्रोग्रॅमने सांगितलेली लांबी पडताळल्याविना स्वीकारली आहे का?

५. साठवण भरल्यास ड्रायव्हर तशी सूचना देतो, की जुने नमुने पुसून गप्प राहतो?

६. वापर चालू असताना उपकरण काढले, तर काय होते?

लिनक्समध्ये हे परीक्षण उघडपणे होते. लेखक आपले बदल लहान लहान भागांत ईमेलने पाठवतो. त्या विभागाचे सांभाळकर्ते आणि अन्य जाणकार ओळीओळीवर शंका विचारतात. अनेकदा तोच ड्रायव्हर सुधारून पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. समाधान झालेला परीक्षक ‘रिव्ह्यूड-बाय’ असे लिहून पुढे आपले नाव देतो आणि ते नाव त्या बदलाच्या इतिहासात कायम राहते. ती निर्दोषतेची हमी नसते. आपण काळजीपूर्वक वाचले व आपल्याला ज्ञात असा गंभीर दोष उरलेला नाही, एवढेच ते विधान असते. दर्जा अपुरा असलेल्या ड्रायव्हरांसाठी २००८ पासून ‘स्टेजिंग’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे सुधारणा होऊन ते मुख्य विभागात जातात.

या कामाची एक बाजू आपल्या विद्यार्थ्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. लिनक्सचा स्रोत सर्वांना विनामूल्य वाचता येतो. परीक्षण पाठवणाऱ्याकडे कोणी पदवीपत्र मागत नाही. त्याची शंका बरोबर आहे का, हेच पाहिले जाते. ज्याला सी भाषेचा परिचय आहे, त्याने एखादा लहान ड्रायव्हर उघडावा. तो घेत असलेल्या प्रत्येक साधनाची वहीत यादी करावी आणि काम जेथे जेथे अडू शकते, तेथे ते साधन परत केले आहे का, हे एकेक करून ताडून पाहावे. एखादी नोंद जुळली नाही, तर प्रथम स्वतःचे वाचन पुन्हा तपासावे आणि मग निःसंकोचपणे, कारणांसह प्रश्न विचारावा.