कोंबडी दारात असावी, घरात नसावी

गेल्या पावसाळ्यात दीड वर्षाच्या एका मुलाला महिन्याभरात दोन वेळा दवाखान्यात आणले गेले. दोन्ही वेळेस ताप, जुलाब आणि शौचातून आव व रक्त. "दात येताहेत, त्यामुळे असेल," असे आई म्हणाली. दात येण्याने रक्ताचे जुलाब होत नाहीत, हे मी तिला समजावले, औषध लिहून दिले, पाणी उकळून द्यायला सांगितले. पण एक प्रश्न विचारायचा माझ्याकडूनही राहून गेला. घरात काय पाळले आहे?

त्याचे उत्तर पुढे आपोआप मिळाले. त्याच घरातील आजींचा रक्तदाब तपासायला जाण्याचा प्रसंग आला. दोन खोल्यांचे घर. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला लागून, कोंबड्यांचे खुराडे. एक कोंबडी परातीच्या कडेवर उभी होती आणि बाळ फरशीवर रांगत जे सापडेल ते तोंडात घालत होते.

विषय निघताच सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना, विकून टाका म्हणावं." आजी गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा सगळा जन्म कोंबड्यांत गेला. मला काय झालं? अंड्यांच्या पैशांत माझ्या गोळ्या येतात. कोणापुढं हात पसरावा लागत नाही."

आजींचा प्रश्न रास्त आहे. आज त्याचेच उत्तर पाहू.

खेड्यात चालते, ते शहरात का नाही?

खेड्यात कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर, शेतात, परसात हिंडतात. त्यांची शीट दूरवर विखुरते, उन्हात वाळते. गावात बिऱ्हाड आले की तेच पक्षी दहा बाय बाराच्या खोलीत येतात. कोंबडी तीच, पण तिच्यात आणि आपल्या ताटात अंतर उरत नाही.

धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही साल्मोनेला व कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. त्यांचा तिला त्रास होत नाही; माणसाला मात्र ताप, पोटात कळा, जुलाब, कधी रक्ती आव होते. हे जंतू शिटेतून पायांना, पिसांना, अंड्याच्या कवचाला आणि तेथून आपल्या हाताला लागतात. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे यांना त्यांचा धोका अधिक. घरात जन्म काढलेल्या आजींना जे बाधत नाही, ते रांगत्या नातवाला बाधू शकते.

कोंबड्यांमुळे टायफॉईड होतो का, असेही काहीजण विचारतात. नाही. टायफॉईडचा जंतू साल्मोनेलाच्याच कुळातील असला, तरी तो माणसाकडूनच दूषित अन्नपाण्यावाटे दुसऱ्या माणसाकडे जातो.

खुराडे कोठे व कसे असावे?

स्वयंपाकघर, पाण्याची जागा आणि झोपण्याची खोली येथे कोंबडी येताच कामा नये. खुराडे अंगणात, परसात किंवा गच्चीवर, जमिनीपासून फूट-दीड फूट उंच व हवेशीर असावे. दर कोंबडीमागे निदान दोन चौरस फूट जागा धरावी. म्हणजे लहान घराला चार-पाच कोंबड्या पुष्कळ झाल्या. तळाशी लाकडाचा किंवा साळीचा भुसा पसरावा, ओला झाला की बदलावा.

शीट रोज काढावी. झाडताना नाकातोंडाला फडके बांधावे व आधी थोडे पाणी शिंपडावे. वाळलेली शीट आणि पिसांची धूळ छातीत गेल्याने दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. त्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. ताजी शीट कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात टाकू नये. ती खड्ड्यात काही महिने चांगली कुजवून मगच वापरावी.

दाणे रात्री उघडे ठेवू नयेत. दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पावसाळ्यात हे विशेष सांभाळावे.

खुराड्याची चप्पल वेगळी ठेवावी. कोंबडी, अंडी किंवा शीट यांना हात लागला की साबणाने निदान वीस सेकंद हात धुवावेत. नुसते पाण्याखाली धरणे म्हणजे धुणे नव्हे. लहान मुलांनी पिल्लांना तोंडाजवळ धरून मुके घेऊ नयेत.

अंडे कच्चे नको

तालमीत जाणारी मुले कच्चे अंडे दुधात फेटून पितात. त्यात ताकद जास्त, हा समज चुकीचा आहे. शिजवलेल्या अंड्यातील प्रथिने कच्च्यापेक्षा शरीराला अधिक मिळतात, आणि जंतूंचा धोकाही टळतो. पांढरे व बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवावे. तडकलेले किंवा शिटेने फार माखलेले अंडे टाकून द्यावे. अंडी रोजच्या रोज गोळा करावीत.

कोंबडीचे औषध

"कोंबड्या झुरताहेत, एखादी कॅप्सूल लिहून द्या, पाण्यात घालते," अशी मागणी माझ्याकडे अनेकदा येते. मी नकार देतो. माणसांची प्रतिजैविके अशी वापरल्याने औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात आणि पुढे आपल्याच मुलाच्या आजारात ते औषध निकामी ठरते. शिवाय औषधाचा अंश अंड्यात उतरतो. याच चिंतेपोटी २०१९ साली आपल्या देशात खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत व कोंबड्यांत कोलिस्टिन या औषधाच्या वापरावर बंदी घालण्यात आली. मानमोडीवर, म्हणजे राणीखेत रोगावर, उपचार नाही, पण लस आहे. ती पिल्लू लहान असतानाच पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून किंवा थेंबांनी देता येते.

बर्ड फ्लूची भीती किती बाळगावी?

खानदेशातील वाचकांना फेब्रुवारी २००६ आठवत असेल. देशात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू प्रथम आढळला तो आपल्या नवापूरला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. मात्र त्या वेळी माणसांत एकही रुग्ण निश्चित झाला नाही. देशात या रोगाने दगावलेला पहिला माणूस नोंदला गेला तो २०२१ साली, हरियाणातील एक लहान मुलगा. म्हणजे रोग माणसात क्वचित येतो, पण आला तर फार गंभीर असतो. नीट शिजवलेल्या मांसातून व अंड्यातून तो होत नाही. ७० अंश सेल्सिअस उष्णता सर्व भागांत पोचली की विषाणू मरतो.

एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या अचानक मेल्या, तुरे निळसर पडले, डोके सुजले, तर मेलेली कोंबडी हाताळू नये, कापू नये, नाल्यात फेकू नये. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. त्यानंतर घरात कोणाला ताप, खोकला वा धाप लागली, तर डॉक्टरांना कोंबड्या मेल्याचे आवर्जून सांगावे.

जुलाब झाल्यास

मुलाला लगेच जलसंजीवनी सुरू करावी. पुडी एक लिटरची असेल तर पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावी. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे व मीठ अर्धा चमचा घालावे; चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा. अंगावरचे दूध व नेहमीचे जेवण चालू ठेवावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक द्यावे. शौचातून रक्त, डोळे खोल जाणे, मूल मलूल होणे, लघवी न होणे, सतत उलट्या किंवा जोराचा ताप यांपैकी काहीही दिसले तर वेळ दवडू नये.

आता आजींचे काय झाले, ते सांगतो. मी कोंबड्या विकायला सांगितले नाही. खुराडे मागच्या परसात, भिंतीलगत उंच ठोकळ्यांवर गेले. दाराला अडीच फुटी फळी लागली, पिंपाला झाकण आणि तोटी आली. खुराड्याजवळ साबणाची वडी टांगली. बाळाच्या शौचाची जंतूतपासणी केली नव्हती, तेव्हा कोंबड्यांमुळेच जुलाब झाले असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्यानंतर आजपर्यंत त्या आजारासाठी त्याला परत आणावे लागलेले नाही.

परवा आजी गोळ्या न्यायला आल्या. जाताना चार अंडी ठेवून गेल्या. म्हणाल्या, "धुतलेल्या हातानं काढलीत हो!"