सातव्या महिन्यात रेशनकार्ड उघडून बघा

माझ्या धाकट्या जावेला आठव्या महिन्यातच मुलगी झाली. वजन दीड किलोच्या आत, श्वास लागलेला. जव्हारहून नाशिकला न्यायला सांगितलं. तिथे खासगी दवाखान्याच्या खिडकीत दिरानं रेशनकार्ड पुढे केलं, तर त्यात जावेचं नावच नव्हतं; ते अजून मोखाड्याला, तिच्या माहेरच्या कार्डावर. ‘डिपॉझिट भरा, कागद नंतर बघू.’ दिरानं वीटभट्टीच्या शेटकडून उचल घेतली.

पोर वाचली. पण दिवाळीनंतर उचल फेडायला दोघं भिवंडीकडे भट्टीवर गेली. पोर झोळीत, धुरात. आई विटा थापायला. दूध वेळेवर मिळेना, लस राहिली, वजन घटलं. कुपोषणाची आकडेवारी मांडणाऱ्यांनी ही उचलही मोजावी.

जव्हारजवळच्या शिरपामाळावर १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेला जाताना थांबले होते, ते बघायला गाड्या येतात. पलीकडच्या आमच्या पाड्यांवर योजनांची माहिती मात्र आशाताईच्या पायांनीच पोचते. म्हणून सांगते.

सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, फुकट आहे. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, रक्त, तपासण्या, जेवण, जायची-यायची गाडी सगळं येतं. आजारी तान्ह्या बाळाचे उपचारही. अडतं ते खासगीत जावं लागलं की. तिथे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना लागते, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. पण दवाखाना योजनेतला हवा, आणि कागद जुळायला हवेत. लग्न झालं की माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला घ्या आणि तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत जाऊन सासरच्या कार्डावर नाव चढवा. पोटुशी बाई घरात असेल तर हे काम लावणी-कापणीपायी मागे टाकू नका. दवाखान्यात पैसे काढण्याआधी या योजनेचा आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा.

कार्ड रस्ता मात्र बांधत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर घरीच झालेली जुळी दगावली आणि आईला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावं लागलं. तिथे पाच लाखांचा काय उपयोग?

तेव्हा तारीख जवळ आली की आरोग्य केंद्राच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहायच्या खोलीत, जागा आहे का, हे आशाताईला विचारा. कळा सुरू व्हायची वाट बघू नका. निघताना दोघांचं आधार, रेशनकार्ड आणि तपासणीचं कार्ड एकाच पिशवीत घ्या.