आंबेमोहोर

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत मुळशी तालुका वसला आहे. येथे पाऊस विपुल पडतो आणि खाचराखाचरांतून भात पिकतो. येथील भाताच्या एका जातीचे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. ती जात म्हणजे आंबेमोहोर. मुलांनो, भातास आंब्याचे नाव का बरे मिळाले असेल?

आंब्यास मोहोर येतो तो पौष-माघात; भात निसवतो तो भाद्रपद-आश्विनात. त्या वेळी आमराईत मोहोराचा मागमूसही नसतो. तथापि या भाताच्या बांधावरून जाणाऱ्यास मोहोराची आठवण देणारा मंद दरवळ येतो. तांदूळ शिजू लागला, की तोच गंध घरभर पसरतो. त्या गंधावरूनच हे नाव रूढ झाले. ते कोणा पंडिताने योजिलेले नाही. शेतात राबणाऱ्या माणसांच्या तोंडून ते आले आहे.

या नावाचे दोन्ही अवयव प्राचीन आहेत. संस्कृत ‘आम्र’ प्राकृतात ‘अंब’ झाला आणि मराठीत ‘आंबा’. हिंदी व बंगाली ‘आम’ ही त्याचीच भावंडे. इंग्रजी ‘मँगो’ मात्र निराळ्या घराण्यातला. केरळातील मलयाळम् शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि त्यांच्याकडून तो युरोपात गेला. ‘मोहोर’ शब्दाचे मूळ संस्कृत ‘मुकुल’, म्हणजे कळी, या शब्दाशी जुळते. हिंदीत त्यालाच ‘मौर’ किंवा ‘बौर’ म्हणतात.

सुवासिक तांदळाला इतर प्रांतांनी कोणती नावे दिली, तेही पाहू. उत्तरेकडील ‘बासमती’ या नावात ‘बास’ म्हणजे वास. ‘श्रीमती’ म्हणजे श्रीने युक्त, तशी ‘बासमती’ म्हणजे वासाने युक्त. केरळातील वायनाड येथे ‘गंधकसाला’ व ‘जीरकसाला’ या जाती आहेत. त्यांतील ‘साला’ म्हणजे संस्कृत ‘शालि’, आपली ‘साळ’. कोल्हापूर जिल्ह्यातील आजऱ्याच्या ‘घनसाळ’ या नावातही तीच साळ आहे. थायलंडमध्ये एका तांदळास ‘होम मली’ म्हणतात. ‘होम’ म्हणजे सुवासिक आणि ‘मली’ म्हणजे मोगऱ्याच्या जातीचे फूल. हा ‘मली’ आपल्या ‘मल्लिके’चाच आप्त आहे.

आता एक नवल ऐका. काही घरांच्या परसात लांब, हिरव्या पानांची एक वनस्पती लावलेली असते. साध्या तांदळाच्या आधणात तिचे पान टाकले, की भातास सुवास येतो. तिला ‘आंबेमोहोराची पात’ म्हणतात. म्हणजे हे नाव मोहोरावरून भातावर आणि भातावरून पानावर आले! ही वनस्पती केवड्याच्या कुळातील आहे. बंगालीत तिला ‘पोलाओ पाता’, म्हणजे पुलावाचे पान, म्हणतात. श्रीलंकेत ‘रंपे’, तर मलाय भाषेत ‘पांदान’. पुढे शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा या पानाचा आणि सुवासिक तांदळाचा गंध मुख्यतः एकाच द्रव्यामुळे येतो, असे आढळून आले. ज्यांनी पानास भाताचे नाव दिले, त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. त्यांच्या नाकानेच ते नाते ओळखले होते.

असे हे नाव राखणे मात्र सोपे नाही. मुळा नदीवरील धरणामुळे आपली खाचरे बुडणार, म्हणून मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्यांचे अग्रणी होते. तरीही धरण झाले आणि खाचरे पाण्याखाली गेली. उरलेल्या शेतांतही आंबेमोहोराची लागवड सोपी नव्हती. त्याचे रोप उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते आणि दाणा थोडा देते. म्हणून अधिक पीक देणाऱ्या जाती पुढे आल्या. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला ‘इंद्रायणी’ हा आंबेमोहोराचाच वंशज. त्याने गंध आईकडून घेतला आणि नाव नदीकडून.

बाजारात इतर तांदूळही आंबेमोहोर म्हणून विकले जातात. खऱ्या आंबेमोहोराचे नाव रक्षिले जावे, यासाठी २०१६ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु कागदावरील शिक्क्याने गंध टिकत नाही. बी पेरले गेले, पीक निसवले आणि भात शिजला, तरच पुढील पिढीस या नावाचा अर्थ कळेल. नाहीतर तो केवळ कोशातील एक शब्द उरेल.

शब्दार्थ
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत. निसवणे – लोंबी बाहेर येणे. आधण – उकळण्यासाठी चुलीवर ठेवलेले पाणी. अग्रणी – पुढारी.

स्वाध्याय
१. ‘आंबेमोहोर’ हे नाव तीन वस्तूंना कोणत्या क्रमाने लाभले, ते लिहा.
२. ‘कागदावरील शिक्क्याने गंध टिकत नाही,’ असे लेखक का म्हणतात?
३. तुमच्या गावातील धान्ये, फळे व फुले यांची पाच नावे वडीलधाऱ्यांना विचारा आणि ती कशावरून पडली, ते टिपून ठेवा.